बाहेरून एम.ए.

सुमन,

सगळे गेले आता. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला विहारासमोरच्या अंगणात सतरंज्या पुरल्या नाहीत. तुझ्या कॉलेजची मंडळी आली होती, खालापूरच्या जुन्या शाळेतलेही दोघं-तिघं आले. भाषणं झाली. प्रत्येकाच्या भाषणात तू शांत, मनमिळाऊ आणि सोशिक होतीस. मी आणि आपली उज्वला शेजारी शेजारी बसलो होतो आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. माझं आयुष्य बॉयलरवर गेलं. तिथं बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही, त्यामुळे सवय नाही. आणि मला जे बोलायचं होतं ते त्या लोकांशी नव्हतंच, तुझ्याशी होतं. म्हणून आता बसलोय. आई बाहेर ओसरीवर आहे, उज्वला घरात नाही. घर शांत आहे, आणि ही शांतता तुला मुळीच आवडली नसती.

मला सारखी मोहोपाड्याच्या क्वार्टरमधली ती संध्याकाळ आठवतेय. आई मोड आलेले वाल सोलत बसली होती. उज्वला चार वर्षांची, सोललेले वाल पळवत होती. तू शाळेतून आलीस, चपला काढल्यास आणि पाणीसुद्धा न पिता म्हणालीस, "मी एम.ए. करणार आहे. इंग्रजी घेऊन. बाहेरून बसणार."

आईनं हात थांबवला. "बाहेरून म्हंजी? घरात नाय बसनार?"

तू हसलीस. मग तिच्याजवळ बसून समजावलंस, की बाहेरून म्हणजे कॉलेजात रोज न जाता अभ्यास घरीच करायचा आणि परीक्षा मुंबईला जाऊन द्यायची.

"म्हंजी घरातच बसनार," आई म्हणाली. "मंग पोर कोन बघंल? सैपाक कोन करंल?"

"मीच करेन की. आता कोण करतं?"

"आनि मराठीत नाय का हाय यम्ये? आपल्याला इंग्रजी काय करायची गं?"

आईच नव्हे, सगळ्यांनी तुला तेच विचारलं. तुझ्या हेडमास्तरांनी, तुझ्या भावानं, माझ्या कंपनीतल्या सुपरवायझरनंसुद्धा, ज्याचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता. शाळेत तुझे विषय मराठी आणि इतिहास. इंग्रजीचे सर बदलून गेले म्हणून हेडमास्तरांनी नववीचं इंग्रजी तुझ्या गळ्यात घातलं होतं, तेही तात्पुरतं. तू आदल्या संध्याकाळी डिक्शनरी घेऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "पोरांच्या एक पान पुढे आहे मी. ते पान संपलं की माझं काही खरं नाही." त्या एका पानाची तुला गोडी लागली होती, हे मला दिसत होतं. तरी मीही विचारलं. तू चहा गाळत होतीस.

"मराठीत तू पहिली येशील. इंग्रजीच का?"

तू गाळणी खाली ठेवलीस. म्हणालीस, "मराठीत मी एक वाक्य बोलले की समोरच्याला माझं गाव कळतं. मग तो आडनाव विचारतो. मग त्याचा चेहरा बदलतो. इंग्रजीत सगळेच पाहुणे आहेत हो. तिथं मला कुणी घर विचारणार नाही."

मी म्हणालो, "आमच्या कंपनीत इंग्रजी पाहुणी नाही. साहेब आहे. मेमो इंग्रजीतच येतो."

"मग तो वाचता यायला नको?" तू म्हणालीस आणि कप माझ्यासमोर आपटलास. तिथून सुरू झालेला आपला वाद सोळा-सतरा वर्षं चालला आणि आता मधेच राहिला.

आपल्याकडे टेबल नव्हतं. पत्र्याच्या ट्रंकेवर चादर घालून तू बसायचीस. माझी पहिली पाळी नसली की पहाटे मी तुझ्यासमोर बसायचो, कारण तुला मोठ्यानं वाचणारं माणूस लागायचं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, तेही जेमतेम. मी एका दमात ओळी वाचून टाकायचो आणि तू कपाळावर हात मारायचीस. "अहो, कविता आहे ती! बॉयलरचं प्रेशर काय बघताय?" मग मी हळू वाचायचो. अर्थ कळायचा नाही, पण कुठं थांबायचं ते हळूहळू कळायला लागलं.

तुला कधी बोललो नाही, ते आता बोलतो. तुला वाटायचं, हा बिचारा बायकोसाठी झोप मोडतोय. तू तसं चारचौघांत कौतुकानं सांगायचीसही. पण मी तुझ्यासाठी बसत नव्हतो गं, माझ्यासाठी बसत होतो. दिवसभर वाफेच्या आवाजात उभं राहणाऱ्या माणसाला, सकाळी उठल्या उठल्या कुणीतरी एका शब्दावर अर्धा तास अडून बसलंय, हे बघणं फार बरं वाटायचं. जगात इतकी निवांत गोष्ट असते, हे मला तुझ्यामुळे कळलं.

सुरुवातीचे महिने तुला जड गेले. विचारायला कुणी नव्हतं. कर्जतपासून खोपोलीपर्यंत इंग्रजी एम.ए. करणारं दुसरं माणूस आपल्याला माहीत नव्हतं. महिन्यातून एकदा मुंबईला जाऊन तू पुस्तकं आणायचीस आणि गाईडमधली मोठमोठी वाक्यं पाठ करायचीस. एक दिवस पुस्तक मिटून म्हणालीस, "मी हे सगळं पोपटासारखं लिहीन. पासही होईन कदाचित. पण मला काही कळत नाहीये, अहो." तुझ्या तोंडून असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या मे महिन्यात आपण तुझ्या माहेरी, भिसेगावला होतो. माहेरच्या घरात पाहुण्यांचा राबता, तुला अभ्यासाला जागा मिळेना. मी म्हणालो, चल, कोंडाण्याला जाऊ. उज्वलाला तुझ्या आईकडे ठेवलं, भाकऱ्या बांधून घेतल्या, एस.टी.नं गेलो आणि पुढे जंगलातून चढून लेण्यांत जाऊन बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत रांजणाजवळ बसल्यासारखा गारवा. तू विहारातल्या भिक्खूंच्या खोल्या एकेक वाकून बघितल्यास. दगडी ओट्यावर हात फिरवलास आणि म्हणालीस, "ही आपली जुनी होस्टेलं. इथं कुणीतरी असंच पाठांतर करून वैतागलं असेल."

मग तू नाटक काढलंस. कोणतं ते मला आता आठवत नाही. त्यातली बाई नवऱ्याशी भांडत होती. तू उभी राहून मोठ्यानं वाचायला लागलीस आणि दगडात तुझा आवाज घुमायला लागला. तेवढ्यात वरच्या ठाकरवाडीतल्या दोन बायका करवंदांच्या पाट्या घेऊन खाली उतरत होत्या, त्या दारात थबकल्या. त्यातली म्हातारी मला म्हणाली, "का रं दादा, बाई का वरडते? मारलास का तिला?"

मी घाईनं दोन्ही हात हलवले. तू खो खो हसलीस. "नाय गं मावशी. मी नाय भांडत. ह्या पुस्तकातली बाई भांडते, तिच्या दादल्याशी."

"कशापायी?"

आणि तू सांगायला लागलीस. शाळेतल्या मराठीत नाही, भिसेगावच्या, तुझ्या आईच्या बोलीत. ती बोली लग्नानंतर मी तुझ्या तोंडून फारशी ऐकलीच नव्हती. "त्यानं हिला न इचारता घर मोडायचं ठरवलंन. ही म्हनते, मी नाय हालनार..." म्हातारीनं पाटी खाली ठेवली. दुसरीनंही ठेवली. पानावर करवंदं काढून आपल्यापुढे ठेवली आणि दोघी भिंतीला टेकून बसल्या. तू एक वाक्य इंग्रजीत वाचायचीस, मग त्यांच्याकडे वळून सांगायचीस. एका ठिकाणी तू अडलीस. बाईनं नवऱ्याला म्हटलेल्या एका शब्दाला तुला मराठी सापडेना. तू दोन-तीन शब्द पुटपुटलीस, मान हलवलीस, आणि एकदम थांबलीस.

"अगं बाई," तू स्वतःशीच म्हणालीस. "ही रागावलेली नाहीये. घाबरलीय ही."

त्या बायकांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्यांना पुढचं ऐकायचं होतं. पण मी तुझा चेहरा बघितला, सुमन. उज्वला जन्मली तेव्हा सुईणीनं तिला तुझ्या हातात दिलं, त्यानंतर मी तो चेहरा पुन्हा तिथं, त्या लेण्यात बघितला.

उतरताना तू माझ्या पुढे चालत होतीस. वळून म्हणालीस, "पेपर कसा लिहायचा ते मला कळलं."

"कसा?"

"आधी मावशीला सांगायचं. मग लिहायचं."

मोहोपाड्याला परत आल्यावर मावशीची जागा आईनं घेतली. म्हणजे तू तिला घ्यायला लावलीस. तू भाकऱ्या थापत सांगायचीस आणि ती निवडत-टिपत ऐकायची. आधी कुरकुर करायची, "त्या गोऱ्यांचं काय सांगतेस मला?" पण पंधरा दिवसांत ती शेजारणीला अर्ध्या गोष्टी सांगायला लागली, आणि शेवट स्वतःच्या मनानं बदलायला लागली. कुणी मेलेलं तिला चालायचं नाही. तू म्हणायचीस, "आई, ती शोकांतिका आहे, मरावंच लागतं." ती म्हणायची, "तुज्या परीक्षेत मरूदे. माज्या घरात नको."

पार्ट वन झाला. सेकंड क्लास. आईनं कॉलनीभर सांगितलं, सून अर्धी यम्ये झाली.

आणि पार्ट टूला तू नापास झालीस.

एकाच पेपरात, थोडक्यात. पण नापास ते नापास. त्या दिवशी तू नेहमीसारखी घरी आलीस, स्वयंपाक केलास, उज्वलाच्या वेण्या घातल्यास. पुस्तकं चादरीत बांधून माळ्यावर टाकलीस. मी काही बोलायला गेलो तर म्हणालीस, "झालं तेवढं पुरे. शाळेत माझं चांगलं चाललंय." तू कधी हळू आवाजात बोलत नाहीस. त्या दिवशी बोललीस. मला तुझ्या रागाची सवय होती, या आवाजाची नव्हती. मी डबा उचलला आणि कामावर गेलो.

नंतर काय झालं ते तू मला बऱ्याच दिवसांनी सांगितलंस, आणि आईनं तर कधीच सांगितलं नाही. मी कामावर असताना आई तुझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "पुस्तकं खाली काढ."

तू म्हणालीस, "आई, नको आता."

"ऐक. तुजे सासरे दीक्षा घेऊन आले नं, तवा आपल्या घरातलं देव टोपलीत भरून पाताळगंगेवर घेऊन गेले. मी वाटंत आडवी पडले व्हते. माज्या सासूनं दिल्यालं देव व्हतं ते. वरीसभर मी त्यांच्याशी धड बोलले नाय. भ्या वाटायचं, रातीला दिवा कुनाफुडं लावू? पन मागारी नाय फिरलो आमी. पयलं वरीस लय वंगाळ गेलं. दुसरं बरं गेलं. आता तू सांग, फिरलो असतो तर तू ह्या घरात बी.ए. होऊन आली असतीस का? काढ पुस्तकं. मला त्या शेवटल्या गोष्टीचं अजून नीट कळलं नाय."

तू स्टुलावर चढून गाठोडं काढलंस. आईनं स्टूल धरलं.

पुढच्या खेपेला पास झालीस. निकाल बघायला आपण दोघं गेलो होतो. फलकासमोर गर्दी होती. तू नंबर शोधलास, बोट त्यावर ठेवलंस आणि तसंच ठेवून उभी राहिलीस. मागचा एकजण म्हणाला, "बाई, बोट काढा, आम्हालाही बघायचंय." तू काढलं नाहीस. मीच तुला हात धरून बाजूला नेलं. बाहेर आल्यावर म्हणालीस, "भूक लागलीय," आणि दोन प्लेट भजी एकटीनं खाल्लीस.

मुंबईतल्या एका कॉलेजात मुलाखतीला बोलावलं. त्यांनी विचारलं, इंग्रजी कुठं शिकलात? तू इंग्रजीतच सांगितलंस, स्वयंपाकघरात. ते हसले. ते कसे हसले ते तू मला घरी करून दाखवलंस आणि आपणही हसलो. पण मग तू मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिलीस. तिथं घर विचारलं गेलंच, फक्त वेगळ्या रीतीनं. मी तेव्हा 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणालो नाही. एवढा शहाणपणा मला होता.

वर्षभरानं कर्जतच्या कॉलेजात जागा निघाली. आपण भिसेगावात घर घेतलं, मी मोहोपाड्याला येऊन-जाऊन करायला लागलो. आणि ज्या बाईला मराठीतून पळायचं होतं, तिनंच इंग्रजीच्या तासाला मराठी आणली. वाडीवरची, शेतावरची पोरं समोर. त्यांना तू म्हणायचीस, हा उतारा मला आधी तुमच्या घरी बोलता तसा सांगा. 'हाय-नाय'नं वर्ग भरून जायचा. प्रिन्सिपॉल एकदा घरी चहाला आले असताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या तासाला कॉरिडॉरमध्ये इंग्रजी कमी आणि मराठीच जास्त ऐकू येतं."

"दिवाळीपर्यंत थांबा सर," तू म्हणालीस. "मग इंग्रजी ऐकू येईल."

ते गेल्यावर मी तुला डिवचलं. "इंग्रजीत सगळे पाहुणे ना?"

तू कपबशा उचलता उचलता म्हणालीस, "तेव्हा मला लपायला जागा हवी होती. आता बसायला हवीय." मग बशी माझ्या हातात दिलीस. "आणि तुम्ही जिंकलात असं समजू नका."

मी जिंकलो नाही. तूही जिंकली नाहीस. मला वाटायचं तू पीएच.डी. करावीस, मोठ्या ठिकाणी जावंस. तू म्हणायचीस, मोठं ठिकाण म्हणजे काय ते आधी सांगा. मला सांगता यायचं नाही. आता जरा सांगता येईल असं वाटतंय, तर ऐकायला तू नाहीस.

मग गेल्या वर्षी उज्वलानं घरात बॉम्ब टाकला. बी.ए. होत आलं होतं तिचं. जेवताना म्हणाली, "मी एम.ए. मराठीत करणार."

तू घास खाली ठेवलास. "इंग्रजी सोडून?"

"हो."

"मी ट्रंकेवर बसून इंग्रजी केलं ते काय तू मराठी घ्यावंस म्हणून?"

"बहुतेक हो," उज्वला म्हणाली. अगदी तुझ्याच आवाजात. "तुला गाव कळलेलं नको होतं, आई. मला चालतं कळलेलं. आपल्या गावाचं मराठीत फार कमी लिहिलंय. ते मला वाचायचंय, नसेल तर लिहायचंय."

तुम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी बोललात ते फक्त माझ्यामार्फत. "तिला सांगा, दूध तापवलंय." "तिला सांगा, मला दिसतंय." आई मजेत होती. मला वाटलं, हे दोन-चार महिने चालेल आणि मग तुमचं तुम्ही मिटवाल. मग तुझं दुखणं निघालं आणि सगळं पनवेलच्या दवाखान्यात जाऊन पोचलं.

तिथं त्या विषयाचं नाव कुणीच काढलं नाही. उज्वला तुझे केस विंचरायची, मोसंबी सोलायची. एका दुपारी तू डोळे मिटून पडली होतीस. आम्हाला वाटलं झोपलीस. तू डोळे न उघडता म्हणालीस, "मराठीच्या एम.ए.ला काय काय असतं गं?"

उज्वलानं एकेक पेपर सांगितला. भाषाविज्ञान, जुनं वाङ्मय, समीक्षा. तू ऐकत राहिलीस. मधेच विचारलंस, "बोलींवर काही असतं का?"

"असतं. ऐच्छिक."

"पुस्तकं धड आहेत का त्याची?"

"फारशी नाहीत."

"हं," तू म्हणालीस आणि कूस बदललीस.

बस, एवढंच. तू हो म्हणालीस असं मला कुणाला सांगता येणार नाही. नाही म्हणालीस असंही नाही. उज्वला त्या 'हं'बद्दल माझ्याशी दोनदा बोलली. मी तिला म्हणालो, तुझी आई नाही म्हणताना कधी एका अक्षरात थांबलीय का? तेव्हा ती रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडली, आणि मग तिला गाढ झोप लागली.

काल तिचा एम.ए.चा पहिला तास होता. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी कशी पाठवता, असं शेजारच्या काकी म्हणाल्या. आईनं त्यांना सांगितलं, "जाऊद्या. तास काय कुनासाठी थांबत नाय." संध्याकाळी उज्वला परत आली तर कडकडून भूक लागलेली. मी भात आणि आंबट वरण केलं होतं, ते उभ्याउभ्याच खाल्लं. मग म्हणाली, "बाबा, ते कपाट तिथून काढू या. मला खिडकीपाशी टेबल हवंय."

कपाट अवजड आहे, तुला माहीत आहे. उज्वलानं एक बाजू धरली, मी एक. आई काठी टेकत मधे उभी राहून हुकूम सोडत होती. "नीट धर रं, भित खरवडंल. ए, तिचा पाय बग." कपाट सरकलं. मागून तुझा एक हरवलेला पेला निघाला आणि कोळिष्टकं. उज्वलानं ती झाडली, टेबल ओढून खिडकीशी लावलं, पुस्तक उघडलं आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

मी तिथंच उभा होतो. काहीतरी विचारावं असं मनात होतं. आईनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि दार आवाज न करता लोटून घेतलं.